सॉफ्टवेअरमध्ये बसलेला घराचा नकाशा प्लॉटवर बसत नाही? आधी हे तपासा

गवंडी खुंट्या ठोकतो, सूत ताणतो, फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायला घेतो आणि अर्ध्या तासात मालकाचा फोन येतो. "ताई, मागची भिंत कंपाउंडात जातीय. बसंना की ओ नकाशा." मी सोलापुरात ड्राफ्टिंगचं काम करते. जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रोड, शेळगी, बाळे, फोन कुठूनही येवो, तक्रार हीच असते. घरातल्या कुणीतरी, बहुतेक वेळा कॉलेजात जाणाऱ्या मुलानं किंवा मुलीनं, लॅपटॉपवर हौसेनं नकाशा काढलेला असतो. स्क्रीनवर सोफा बसलेला असतो, देवघर बसलेलं असतं, गॅलरीत कुंड्यासुद्धा असतात. जागेवर मात्र बाथरूमला जागाच उरत नाही.

घरच्यांनी नकाशा स्वतः काढून बघावा, असं मला मनापासून वाटतं. सकाळी कोण कुठल्या दारानं बाहेर पडतं, आजोबांना रात्री किती वेळा उठावं लागतं, पापड कुठं वाळत घालायचे, हे घरच्यांना ठाऊक असतं. मला विचारून विचारून काढावं लागतं. त्यामुळे नकाशा बसला नाही तर तो टाकून देऊ नका. चूक सहसा एक-दोन ठरावीक जागी असते आणि नेमकं बघितलं तर तासाभरात सापडते. मी उदाहरणं स्वीट होम थ्रीडीची देणार आहे, कारण ते फुकट मिळतं आणि माझ्याकडे येणाऱ्यांत तेच जास्त दिसतं. लिब्रेकॅड, ऑटोकॅड, स्केचअप वापरत असाल तरी तपासायच्या गोष्टी याच, बटणं तेवढी वेगळी.

एक गोष्ट आधीच सांगते. खोदाई सुरू झाली असेल तर आज खोदाई थांबवा. पुढचं सगळं नंतर.

लक्षणं ओळखा

नेमकं काय चुकतंय यावरून चूक कुठं आहे ते बरंचसं कळतं.

- सगळा नकाशाच एकदम लहान किंवा एकदम मोठा दिसतो, खोलीपेक्षा पलंग मोठा होतो: एककाचा घोळ.
- काही खोल्या बरोबर, काही आठ-नऊ इंचांनी कमी: फूट-इंच टाकताना चूक.
- खोल्यांची मापं म्हणाल तशी आहेत, पण घर बाहेरून फूट-दीड फूट जास्त भरतं: भिंतीची जाडी.
- स्क्रीनवर माप बरोबर, कागदावर पट्टी लावली की चुकतं: प्रिंट.
- पुढच्या बाजूला व्यवस्थित बसतं, मागं जाता जाता एका अंगाला सरकतं: प्लॉट गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही.
- तळमजला बसला, जिना वर पोचत नाही: उंचीचा हिशोब.

आता क्रमानं बघू. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसा लागत नाही, घरबसल्या होतात. प्लॉटवर माणसं नेऊन करायचं काम शेवटी.

दोघांच्या हातात एकच नकाशा आहे का?

हे विचारायला लोकांना संकोच वाटतो, पण मी पहिला प्रश्न हाच विचारते. मुलीनं रविवारी स्वयंपाकघर अर्धा फूट सरकवलं, व्हॉट्सॅपवर नवा फोटो टाकला, आणि गवंड्यानं आठवड्यापूर्वीच्या फोटोची प्रिंट खिशात ठेवली होती. दोघांची मापं जुळणार कशी? प्रत्येक नकाशावर कोपऱ्यात तारीख टाका, नवा दिला की जुना कागद परत मागून फाडून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

१०.१० म्हणजे दहा फूट दहा इंच नव्हे

आपल्याकडे गवंडी, सुतार, मालक सगळे फुटा-इंचात बोलतात. "दहा-सहा" म्हटलं की दहा फूट सहा इंच. तेच माप सॉफ्टवेअरच्या चौकटीत १०.६ असं टाकलं जातं. सॉफ्टवेअरला इंच कळत नाहीत, त्याला दशांश कळतो: दहा फूट आणि एका फुटाचे दहा भाग केले तर त्यातले सहा. म्हणजे १० फूट ७.२ इंच. सव्वा इंचाचा फरक म्हणून लक्षात येत नाही. पण "दहा-दहा" जेव्हा १०.१० होतं, तेव्हा सॉफ्टवेअर १० फूट १.२ इंच घेतं. पावणेनऊ इंच गेले, म्हणजे एका भिंतीची अख्खी जाडी गेली. "दहा-अकरा"चं तर विचारूच नका.

इंचाला १२ नं भागलं की दशांश मिळतो: ३ इंच म्हणजे ०.२५, ४ इंच ०.३३, ६ इंच ०.५, ९ इंच ०.७५, १० इंच ०.८३. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे प्रेफरन्सेसमध्ये जाऊन एकक फूट-इंच करायचं आणि माप १०'६" असं खुणांसकट टाकायचं. नकाशा आधीच काढून झाला असेल तर प्रत्येक भिंतीवर डबल क्लिक करून लांबी वाचा. कुठं १.२ इंच, २.४ इंच, ७.२ इंच असली विचित्र शेपटं दिसली की तिथं हीच चूक झाली आहे, असं खुशाल समजा.

सगळाच नकाशा पटीनं चुकला असेल तर गोष्ट वेगळी. एका सॉफ्टवेअरची फाईल दुसऱ्यात उघडली की असं होतं, कारण फाईलमध्ये नुसता आकडा असतो. ३० म्हणजे ३० फूट की ३० मिलिमीटर हे वेगळ्या सेटिंगवर ठरतं. माहीत असलेली एक बाजू मोजा, खरं माप आणि दिसणारं माप यांत मोठ्याला लहानानं भागा. भागाकार १२ आला तर फूट आणि इंच, २५.४ आला तर इंच आणि मिलिमीटर, ३०४.८ आला तर फूट आणि मिलिमीटर, ३.२८ आला तर मीटर आणि फूट यांची अदलाबदल झाली आहे. मग संपूर्ण नकाशा त्याच पटीनं बदला. एकेक खोली ओढून दुरुस्त करत बसलात तर दारं-खिडक्या कधीच जुळणार नाहीत.

तोंडी तीस-चाळीस, कागदावर ९ बाय १२

"आमचा प्लॉट तीस-चाळीसचा आहे" असं सांगतात. खरेदीखत किंवा लेआउटचा नकाशा उघडला की तिथं ९ मीटर बाय १२ मीटर लिहिलेलं असतं. ९ मीटर म्हणजे २९ फूट ६ इंच आणि १२ मीटर म्हणजे ३९ फूट ४ इंच. रुंदीत सहा इंच आणि लांबीत आठ इंच कधी नव्हतेच, आणि नकाशा मात्र त्यांच्यासकट काढलेला असतो. क्षेत्रफळ १०८ चौरस मीटर, म्हणजे ११६२ चौरस फूट; तोंडी हिशोब १२०० चा. गुंठ्याच्या भाषेतही तेच: १ गुंठा १०८९ चौरस फुटांचा, पण सवयीनं हजार किंवा अकराशे म्हणून मोकळे होतात. बोलण्यातलं माप बोलण्यातच ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये कागदावरचं टाका, आणि तेही पुढं सांगते तसं टेपनं पडताळून.

मागं ठेवलेला फोटो

बरेच जण लेआउटच्या नकाशाचा किंवा हातानं काढलेल्या चित्राचा मोबाईलवर फोटो काढतात, तो सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमीला ठेवतात आणि त्यावरून रेघा ओढतात. पद्धत चांगली आहे. सॉफ्टवेअर त्या वेळी एक रेघ देतं. ती माहीत असलेल्या बाजूवर बसवायची आणि तिची खरी लांबी लिहायची. इथं लोक सोयीचं म्हणून तीन फुटांचं दार निवडतात. दारावर अर्ध्या इंचानं रेघ हलली तर चाळीस फुटांवर तीच चूक पावणेसात इंच होते. म्हणून नेहमी सगळ्यांत लांब बाजू निवडा. आणि झाल्यावर दुसऱ्या दिशेची एक बाजू मोजून बघा. फोटो तिरका निघाला असेल तर लांबी बरोबर येते, रुंदी चुकते. अशा वेळी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन कागद स्कॅन करून घ्या, मोबाईलशी झटापट करू नका.

भिंत कुठून मोजली?

माझ्या कामात सगळ्यांत जास्त वेळा सापडणारी चूक ही. म्हणून जरा सविस्तर.

स्वीट होम थ्रीडीत तुम्ही भिंत काढता तेव्हा माऊसनं ओढलेली रेघ भिंतीच्या मधोमध असते. जाडी दोन्ही अंगांना निम्मी-निम्मी पसरते. तुम्ही १० फूट टाकलं तर ते या भिंतीच्या मध्यापासून त्या भिंतीच्या मध्यापर्यंत. भिंती ९ इंची असतील तर खोली आतून ९ फूट ३ इंच. गवंडी "दहा बाय दहा" ऐकतो तेव्हा तो आतून दहा धरतो, आणि त्याचं बरोबरच आहे, राहायचं आतच असतं. मग तो प्रत्येक खोली नऊ इंचांनी वाढवत जातो आणि शेवटची भिंत कंपाउंडवर जाऊन आदळते.

पडताळणी सोपी आहे. खोली काढायचं साधन घ्या आणि चार भिंतींच्या आत डबल क्लिक करा. सॉफ्टवेअर आतलं क्षेत्रफळ दाखवतं. तुम्ही दहा बाय दहाची समजता त्या खोलीत १०० ऐवजी साधारण ८५.५ चौरस फूट दिसले, तर भिंती ९ इंची आहेत आणि माप मध्यातून घेतलंय. ९५ च्या आसपास दिसले, तर भिंतीची जाडी तुम्ही बदललेलीच नाही. सॉफ्टवेअरनं स्वतःची साडेसात सेंटिमीटरची, म्हणजे तीन इंचांची भिंत धरली आहे. तसली भिंत आपल्याकडे कुणी बांधत नाही. डबल क्लिक केल्यावर खोलीच तयार होत नसेल तर भिंतींचे कोपरे कुठंतरी सुटलेले आहेत. झूम करून बघा.

उपाय: पहिली रेघ ओढण्याआधी प्रेफरन्सेसमध्ये नव्या भिंतीची जाडी ठरवा. विटांचं काम असेल तर बाहेरच्या ९ इंची, आतल्या साडेचार इंची. ब्लॉकचं काम असेल तर दुकानात मिळणारी खरी जाडी विचारून घ्या, १०० मिलिमीटर, १५० किंवा २००. आणि हिशोब बाहेरून आत करा. समजा मार्जिन, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, सोडून घराला २२ फूट रुंदी मिळाली आणि आडव्या दोन खोल्या हव्यात. बाहेरच्या दोन भिंती १८ इंच, मधली साडेचार इंच, मिळून १ फूट साडेदहा इंच. उरले २० फूट दीड इंच. आतल्या चार बाजूंचा गिलावा अर्धा-अर्धा इंच धरला की आणखी दोन इंच गेले. दोन खोल्यांच्या वाट्याला १९ फूट साडेअकरा इंच. "अकरा आणि अकरा" असं मनात धरून बसलेल्या माणसाला हा आकडा लागतो, पण स्क्रीनवर लागलेला बरा.

माझ्या मामांचं घर मीच काढलं होतं, तेव्हा कामाला नुकती सुरुवात केली होती. मामीच्या खोलीत ६ फुटी पलंग, समोर २ फुटी कपाट आणि मध्ये २ फूट वाट, असा दहा फुटांचा हिशोब मी मध्यातून मध्यात मांडला. भिंती उभ्या राहिल्या, गिलावा झाला, आतून ९ फूट २ इंच भरलं. वाट उरली १४ इंच. कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही आणि पलंगाच्या त्या बाजूला जाताना मामी अजूनही एक खांदा पुढं करून जाते. ती कधी काही बोलली नाही. तेव्हापासून मी कुठल्याही नकाशात आतलं, गिलावा झाल्यावरचं माप वेगळ्या रंगानं लिहिते.

बाथरूमला आणखी एक कात्री लागते. भिंतीला टाइल्स लावल्या की मसाल्यासकट प्रत्येक बाजूनं सव्वा इंचाच्या आसपास जातो. चार फुटांचं बाथरूम शेवटी ३ फूट साडेनऊ इंच राहतं. पाटावर बसून अंघोळ करणारी वयस्कर माणसं घरात असतील तर तिथं कसर करू नका.

प्रिंट

यावर जास्त बोलण्यासारखं नाही. प्रिंट करताना "कागदावर मावेल तसं" हा पर्याय असतो, त्यानं नकाशा गुपचूप आक्रसतो. पेज सेटअपमध्ये प्रमाण १:५० किंवा १:१०० असं ठरवून टाका. तीस-चाळीसचा प्लॉट १:१०० ला ए-फोर कागदावर आरामात बसतो. नकाशाच्या खाली दहा फुटांची एक रेघ काढून ठेवा. १:१०० च्या प्रिंटवर ती ३०.५ मिलिमीटर भरली पाहिजे, १:५० वर ६१. भरली नाही तर प्रिंट चुकली, नकाशा नाही. पाठवताना फोटो पाठवू नका, पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि गवंड्याला स्पष्ट सांगा: कागदावर पट्टी लावून माप काढायचं नाही, लिहिलेला आकडाच खरा.

प्लॉट गुण्यात आहे का?

इथून पुढं घराबाहेर पडावं लागतं. दोन माणसं, तीस मीटरचा स्टीलचा टेप, वही, पाण्याची बाटली. कापडी टेप नको, तो ताणला जातो. सकाळी लवकर जा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दहानंतर मोकळ्या प्लॉटवर उभं राहवत नाही आणि माणूस घाईनं चुकीचा आकडा लिहून मोकळा होतो.

चार बाजू मोजल्या म्हणजे प्लॉट मोजला, असं नाही. काडेपेटीचं बाहेरचं रिकामं खोकं हातात घ्या आणि एका कोपऱ्यावर दाबा. चारही बाजू तेवढ्याच राहतात, पण खोकं तिरकं होतं. प्लॉटचंही तसंच. म्हणून दोन्ही कर्ण मोजायचे. तीस बाय चाळीसचा प्लॉट गुण्यात असेल तर दोन्ही कर्ण बरोबर ५० फूट भरतात. एक ५० फूट ६ इंच आणि दुसरा ४९ फूट ६ इंच भरला, तर लोक म्हणतात, फूटभराचा तर फरक आहे. त्या फूटभराचा अर्थ असा, की चाळीस फूट मागं जाईपर्यंत प्लॉट दहा इंच एका बाजूला सरकलेला आहे. "पुढं बसलं, मागं बसंना" याचं कारण हेच असतं.

गेल्या वर्षी एका प्लॉटवर मी उभी होते. गवंडीमामांनी कोपऱ्याच्या खुंटीला गुण्या लावला, त्याच्या एका पात्याला समांतर सूत धरलं, एक डोळा मिटून बघितलं आणि टेप हातात घेण्याआधीच म्हणाले, "प्लॉट पळतोय ताई, उगवतीला." कर्ण मोजले तर तेच निघालं. चाळीस वर्षं सूत धरलेल्या माणसाच्या नजरेला मी फार मान देते. तरीही कर्ण मोजायचेच, कारण नजर दिशा सांगते, आकडा सांगत नाही.

असा प्लॉट सॉफ्टवेअरमध्ये काढताना एक अडचण येते. स्वीट होम थ्रीडी भिंतीला १५ अंशांच्या पटीत खेचतं, त्यामुळे एक-दोन अंशांचा तिरकेपणा ते सरळ करून टाकतं आणि तुम्हाला वाटतं प्लॉट चौकोनी आहे. प्रेफरन्सेसमध्ये हे चुंबकासारखं ओढणं बंद करा. लिब्रेकॅडमध्ये पुढची बाजू काढून तिच्या एका टोकावरून बाजूएवढ्या त्रिज्येचं आणि दुसऱ्या टोकावरून कर्णाएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं, की दोन्ही छेदतात तिथं मागचा कोपरा येतो.

आणि माझं ठाम मत: प्लॉट वाकडा असला तरी घर गुण्यात ठेवा, वाकडेपणा बाजूच्या मार्जिनमध्ये जाऊ द्या. वाकड्या खोलीत फरशीचा शेवटचा पट्टा एका टोकाला चार इंच आणि दुसऱ्या टोकाला एक इंच येतो, आणि तो रोज डोळ्यांत सलतो. मार्जिन मात्र सगळ्यांत अरुंद जागी मोजा, तिथं कमी पडलं तर परवानगीला अडेल.

ज्या वस्तू नकाशात काढल्याच नाहीत

हौद. आपल्या शहराला उजनीचं पाणी येतं, पण नळाला ते रोज येत नाही, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. तरीही माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच नकाशांत हौद नसतो. माणशी १३५ लिटर धरलं तर पाच माणसांना दिवसाला ६७५ लिटर, पाच दिवसांना ३३७५ लिटर. ६ फूट लांब, ५ फूट रुंद, ४ फूट खोल पाणी धरलं की एवढं मावतं, त्यावर मोकळी जागा आणि भिंतींची जाडी वेगळी. हा चौकोन आधी ठेवा, झाकण कुठं येईल ते ठरवा, मग पार्किंग आखा. शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी असेल तर ती हौदापासून होईल तेवढी लांब.

जिना. सॉफ्टवेअरच्या संग्रहातला तयार जिना उचलून ओढला, की तो हवा तेवढा लांब-उंच होतो, पण पायऱ्यांची संख्या बदलत नाही. दिसायला झकास, चढायला अशक्य. हिशोब स्वतः करा. या फरशीपासून त्या फरशीपर्यंत १० फूट, म्हणजे १२० इंच. एका पायरीवरून दुसरीवर चढायच्या अठरा उंच्या धरल्या तर प्रत्येक ६.६७ इंच, पायाला सोपी. मधे वळणारा जिना असेल तर नऊ-नऊ उंच्यांच्या दोन ओळी. एका ओळीत आठ पायऱ्या (नववी उंची चौथऱ्यावर किंवा मजल्यावर पोचते), दहा इंचांनी ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंच, अधिक ३ फुटांचा लँडिंगचा चौथरा. लांबी ९ फूट ८ इंच, रुंदी सहा फुटांहून थोडी जास्त. एवढी जागा नकाशात आहे का बघा. १० फुटांत स्लॅबची जाडी आणि वरची फरशी धरली आहे ना, तेही बघा. ती विसरली की शेवटची पायरी उंच येते आणि तिथंच माणूस अडखळतो.

सामान. संग्रहातले पलंग, ओटे आपल्या मापाचे नसतात. घरातला पलंग, फ्रिज, तिजोरी, शिलाई मशीन टेपनं मोजा आणि तीच मापं टाका. होकायंत्रात उत्तर दिशा आणि ठिकाण सोलापूर ठरवून दिलंत तर पश्चिमेचं ऊन संध्याकाळी कुठल्या खोलीत येतं हेही दिसतं. झोपायची खोली तिथं असेल तर खिडकीवर सज्जा आत्ताच ठरवा.

फक्कीची कोरडी आखणी

एवढं सगळं जुळलं तरी खोदाईआधी अर्धा दिवस द्या. एक गवंडी, एक मजूर, थोडी फक्की आणि सुताचा गुंडा. कोपरा गुण्यात घ्यायला ९-१२-१५ फुटांचा त्रिकोण लावा. ३-४-५ चा लहान पडतो, त्यातली पाव इंचाची चूक मागं मोठी होते. बाहेरच्या भिंती, आतल्या भिंती दोन्ही कडांनी आखा, एका रेघेनं नको. मग घरातल्या सगळ्यांना बोलवा. दारातून आत या, स्वयंपाकघरात जा, बाथरूमच्या चौकोनात उभं राहा. पाहुण्यांसमोरून जावं लागतं का बघा. फक्की पुसून परत मारायला काही लागत नाही.

इथं हात लावू नका

पुढच्या गोष्टींसाठी सॉफ्टवेअर बंद करा आणि माणूस गाठा.

पाया आणि कॉलम. सोलापुरात कुठं दोन फुटांवर मुरूम लागतो, कुठं काळी माती खोलवर जाते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर अंदाजानं ठेवलेलं घर चिरा देतं. खड्डा घेऊन माती बघून स्ट्रक्चरल इंजिनीअरनंच पाया ठरवायचा. कॉलम अगदी हद्दीवर येत असेल तर त्याचा पाया शेजाऱ्याच्या जागेत पसरवता येत नाही, त्याची रचना वेगळी करावी लागते. हेही त्याचंच काम. बाहेर काढलेली गॅलरी, जुन्या घरावर नवा मजला, हौद आणि कॉलम जवळजवळ येणं, यांचंही तसंच. पूर्व भागात खाली कापडाचे माग आणि वर घर असं करायचं असेल तर मागांचा हादरा आणि वजन त्याला आधी सांगा.

पेठांतली जुनी घरं. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, बाळीवेस भागात दोन-दोन फुटी दगडी भिंती आणि माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं, अजून आहेत. नकाशात अशी भिंत एका क्लिकनं पुसता येते. प्रत्यक्षात तिच्यावर माळवदाची टनावारी माती असते आणि ती शेजाऱ्याशी सामायिकही असू शकते. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि वर जड माळवद, अशी घरं ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात कशी कोसळली, हे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यांनी भोगलंय. इंजिनीअरनं जागेवर येऊन बघितल्याशिवाय एक दगडही हलवू नका.

हद्द. कर्ण मोजल्यावर कागद आणि जागा जुळली नाही, किंवा शेजारी म्हणाला की कंपाउंड त्याच्या जागेत आहे, तर टेप गुंडाळा. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. मोजणी होऊन हद्दी कायम होईपर्यंत आखणी नको.

परवानगी. मार्जिन किती, किती बांधता येईल, हे प्लॉटचं क्षेत्र, समोरचा रस्ता आणि घराची उंची यांवर ठरतं. डिसेंबर २०२० पासून त्याला एकत्रित नियमावली लागू आहे, जिला सगळे युडीसीपीआर म्हणतात. तुमचा घरचा नकाशा मंजुरीला चालत नाही, परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनीअरच्या सहीचा लागतो. प्लॉट गुंठेवारीतला असेल तर पहिली भेट त्याच्याकडेच, नकाशा त्यानंतर.

त्याच्याकडे जाताना नुसती प्रिंट नेऊ नका. सॉफ्टवेअरची मूळ फाईल, पीडीएफ, चार बाजू आणि दोन कर्ण लिहिलेलं वहीचं पान, खरेदीखताची झेरॉक्स, मोजणी झाली असेल तर तिचा नकाशा, आणि घरातल्या सामानाची मापं, एवढं एका पिशवीत ठेवा. आणि जी घरात स्वयंपाक करते तिला सोबत न्या. ओट्याची उंची तिच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली धरायची असते, आणि ते माप तिला उभं करूनच घ्यावं लागतं.